सोनवडीचा नवा पत्ता

नदीच्या दोन्ही काठांचे देश पुन्हा एक होणार होते; फाळणीची रेषा महिनाभरात पुसली जाणार होती. दोन्हीकडच्या पिनकोडांची आणि फोन नंबरांची एकच मांडणी करायची, म्हणून अच्युत आणि नदीपलीकडची रेहाना दिवसभर पडद्यावर समोरासमोर बसत. ज्या नंबरामागे घर नाही तो बंद करायचा, असा नियम होता.

यादीत पलीकडची सोनवडी आली तशी रेहाना थांबली. "हे अख्खं गावच काढून टाका, अच्युतराव. तिथं कुणी राहत नाही."

"असं कसं? माझी बहीण आहे तिथं, कुमुद. दर भाऊबीजेला मी इकडे पाटावर बसतो आणि ती फोनवरून ओवाळते."

रेहानाने मान खाली घातली. "फाळणीच्या पहिल्याच वर्षी साथीत गाव संपलं. बोभाटा नको म्हणून आमच्या सरकारनं तिथल्या लोकांचे आवाज टेलिफोन एक्सचेंजच्या यंत्राला शिकवले. तुमच्याशी ते यंत्र बोलतं."

अच्युतने कुमुदच्या नंबरापुढे स्वतःच्याच घराचा पत्ता घातला. रेहानाने ते पाहिलं आणि पुढचं गाव उघडलं.

भाऊबीजेपर्यंत सरहद्द खुली झाली होती. अच्युतने सवयीने पाट मांडला, डोक्यावर टोपी घातली आणि तो फोनची वाट बघत बसला.

फोन वाजला.

"दादा," कुमुद म्हणाली, "यंदा फोनवरून नाही ओवाळणार मी. घर सापडलं मला. ऊठ, कडी काढ."