एका प्रतीची किंमत

"तू पुन्हा काढून टाकलंस?" त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "काल एक प्रत गेली आणि आज पुस्तक साईटवरून गायब!"

बायको इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "गेली ना एक? मग झालं."

"अगं, पहिल्या गिऱ्हाइकानंतर दुकानाचं शटर कोण ओढतं?"

"मी," ती म्हणाली आणि शर्टाची कॉलर उलटी केली.

त्याचं डोकं तापलं. ई-पुस्तकांच्या धंद्यातलं कळत होतं ते त्याला, तिला नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आल्यावर रहस्यकथा लिहायच्या, असं करत त्याने कितीतरी पुस्तकं स्वतःच साईटवर चढवली होती. पहिला भाग चहाच्या किमतीत द्यायचा, वाचकाला चटक लागली की पुढच्या भागाची किंमत वाढवायची. साईटने आखलेल्या मर्यादेत किंमत ठेवली तर लेखकाला मोठा वाटा, वर गेलं की वाटा निम्मा. सगळं तोंडपाठ. तरी महिन्याकाठी जे हाती यायचं, ते इंटरनेटच्या बिलातच जिरायचं. दुकानातले लोक त्याला 'लेखकराव' म्हणायचे, आणि त्यातला 'राव' जरा जास्तच लांबवायचे.

आणि ही! नर्सची चांगली नोकरी सोडून घरी बसली, आणि एक दिवस म्हणाली, "मलाही खातं उघडून द्या." त्यानेच हौसेने उघडून दिलं. हिने कादंबरी लिहायला घेतली, तीही भागाभागाने. कव्हर म्हणजे नुसता पांढरा चौकोन. किंमत बघून तर त्याला ठसकाच लागला. तेवढ्यात चांगला फ्रीज आला असता.

"वाटा निम्मा होईल," तो म्हणाला होता. "आणि घेणार कोण?"

"ज्याला हवं तो घेईल."

दुसऱ्याच दिवशी कुणीतरी घेतलं. तेव्हापासून दर महिन्याला नवा भाग, आधीपेक्षा महाग. एक प्रत जायची, की पुस्तक लगेच बंद. घरात खरोखरच फ्रीज आला. त्याचं दार उघडताना त्याला दर वेळी आपल्या रहस्यकथा आठवायच्या.

"मला वाचायला तरी दे," तो एकदा म्हणाला.

"विकत घेऊन वाचा," ती हसत म्हणाली आणि लॅपटॉप मिटून आत घेऊन गेली.

ते त्याला लागलं; आता तिने आपणहून दिल्याशिवाय वाचायचं नाही, असं त्याने ठरवलं. पण हळूहळू त्याच्या डोक्यात दुसरंच गणित सुरू झालं. एक माणूस एवढे मोजतो, म्हणजे लेखणीत काहीतरी आहे. मग बाकीच्यांना ते कळायला नको? एकदा फुकट वाटायचं, चर्चा होऊ द्यायची, मग माफक किंमत लावायची. बायको रातोरात नावारूपाला आली असती. आणि मागे उभा कोण? लेखकराव!

पुढचा भाग चढवून ती सकाळीच बहिणीकडे गेली. त्याला सुट्टी होती. खात्याचा पासवर्ड त्यानेच ठेवलेला होता. त्याने लॅपटॉप उघडला, मिटला, पाणी प्यायला, पुन्हा उघडला. विचारलं तर ती नाहीच म्हणणार. त्याने बंद केलेले सगळे भाग पुन्हा सुरू केले, नव्या भागासकट साऱ्यांवर 'मोफत' लावलं आणि वाचकांच्या जेवढ्या ग्रुपमध्ये होता तेवढ्यांत दवंडी पिटली.

तासाभरात आकडा हलला. मग धावायलाच लागला. तो दर मिनिटाला पान ताजं करून बघत राहिला.

तिचा फोन आला. "अहो, गेली का हो प्रत?"

"तू ये तर खरी," तो म्हणाला.

"गेली की नाही, तेवढं सांगा."

"येशील तेव्हा बघशील."

ती तडक निघून आली. पायातल्या चपलाही न काढता त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याने ऐटीत आकडा दाखवला. तिने तो वाचला, वरचा 'मोफत' हा शब्द वाचला आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बंद करा."

"अगं, ऐक तर..."

"बंद करा म्हणते ना!"

लग्न झाल्यापासून हा आवाज त्याने ऐकला नव्हता. त्याने घाईघाईने सगळं बंद केलं. "पण ज्यांनी उतरवून घेतलंय, त्यांच्याकडे ते राहणारच," तो चाचरत म्हणाला.

पर्समध्ये तिचा फोन थरथरत होता. थांबला, पुन्हा थरथरू लागला. तिने पर्स उघडली नाही.

"कोण आहे? उचल ना."

"हे फक्त एका माणसासाठी होतं," ती कुजबुजली. "दुसऱ्या कुणासाठी नाही."

"वेडी आहेस. लोकांनी वाचावं म्हणूनच लिहितात ना? एवढं घाबरण्यासारखं काय झालं?"

तेवढ्यात पडद्यावर घंटी वाजली. तिच्या पुस्तकाला पहिला अभिप्राय आला होता. त्याच्या जिवात जीव आला. आता हिची समजूत पटेल! "बघ, बघ," तो म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला.

"'एका बैठकीत वाचून काढलं. श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. नावं बदलली आहेत, तरी हॉस्पिटल ओळखता आलं, आणि ती शेवटची खोलीसुद्धा. तिथेच माझी आई गेली. सिस्टर, तोंड बंद ठेवायचे डॉक्टर तुम्हाला किती देत होते?'"