तुळशीवरची काजळी

शेवंताने तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं उजेडात धरलं. आजही पांढरंच होतं.

तिचं घर विमानतळाच्या भिंतीला लागून. एरवी पानांवरून रोज काजळी निघायची. लॉकडाऊनमध्ये विमानं थांबली, काजळी थांबली, आणि लेकीचा दम्याचा पंप दोन महिने फळीवर नुसता पडून राहिला.

"फोन आला!" नवरा आतून ओरडला. तो विमानांत सामान चढवायचा. काम बंद पडल्यापासून त्याची जेवणावरची वासनाच उडाली होती. "उद्यापासून विमानं सुरू. मला बोलावलंय!"

शेवंताने देवापुढे साखर ठेवली. याचसाठी तर ती तुळशीला रोज अकरा प्रदक्षिणा घालत होती.

चार दिवसांनी, कामावर निघताना, बूट चढवत तो म्हणाला, "तुझी तुळस पावली गं!"

ती हसली. पानं नुकतीच पुसून झाली होती; काळं पडलेलं फडकं तिने पदराआड लपवलं. छपरावरून विमान गेलं, भांडी थरथरली. आत लेक खोकली. एकदाच.

श्वास रोखून शेवंता दुसऱ्या खोकल्याची वाट बघत उभी राहिली.