तिसऱ्या रविवारची हरकत

"माझी हरकत आहे," धाकटी म्हणाली आणि उभी राहिली.

चर्चमध्ये मागे कुणीतरी खोकत होतं, ते खोकायचं थांबलं. पाळकसाहेबांचं बोट कागदावरच राहिलं. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं भर उपासनेत वाचायची आणि कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं विचारायचं, ही जुनी रीत. विचारायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि पुढचं गीत सांगायचं, एवढंच पाळकसाहेबांना ठाऊक. ते वयानं लहान होते आणि मंडळीत नवे. कुणी खरंच उभं राहिलं तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जुन्या माणसांना मात्र हे नवं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी, अशाच तिसऱ्या रविवारी, ह्याच दोघांची नावं वाचली गेली होती. तेव्हा खुद्द नवरदेवच उठला होता. "माझी हरकत आहे. मला हे लग्न करायचं नाही," एवढं बोलून तो चर्चच्या दारातून बाहेर पडला, आणि आठ दिवसांत गावातूनही.

धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती, वधूला, म्हणजे आपल्या ताईला, अगदी खेटून बसलेली. ताई रडली नाही, हे तिला पक्कं आठवत होतं. ताईनं गीतांचं पुस्तक उघडलं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गायली. तो माणूस पुन्हा भेटला तर त्याला सोडायचं नाही, हे धाकटीनं त्याच दिवशी ठरवलं.

पुढे वडील गेले. ताई दवाखान्यात नर्स होती. दोन-दोन पाळ्या करून तिनं धाकटीला शिकवलं, शाळेत गणिताची बाई केलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "मग इंजेक्शनं कोण देणार?" आणि हसण्यावारी न्यायची.

गेल्या वर्षी तो परत आला. केस पिकलेले, पाठ जराशी वाकलेली. दवाखान्यासमोरच त्यानं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मग ताईचं मनगटी घड्याळ बिघडायला लागलं. वीस वर्षं मिनिटभर न चुकलेलं घड्याळ दर आठवड्याला दुरुस्तीला! गणिताच्या बाईंना हे कोडं उलगडायला वेळ लागला नाही.

"ताई, सत्तावन्न वर्षांची झालीस. लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तुला सांगत नव्हते."

"अगं, त्यानं तुला नाकारलं होतं!"

"कोंबडा आरवायच्या आत पेत्रानंही प्रभूला तीनदा नाकारलं होतं. प्रभूनं त्याला जवळ केलंच की."

"पेत्रानं नाकारलं ते एका कोंबड्यासमोर. ह्यानं अख्ख्या मंडळीसमोर!"

ताई पोट धरधरून हसली. धाकटीला काही हसू आलं नाही. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी तो पुन्हा उठणार, ह्याची तिला खात्रीच होती. ताईची तशी शोभा दुसऱ्यांदा होण्यापेक्षा आपण आधी उठलेलं बरं, असा विचार करून ती आज आली होती.

"हरकत... काय आहे?" पाळकसाहेबांनी चाचरत विचारलं.

"हा माणूस शब्दाला जागणारा नाही. एकदा ह्याच जागी त्यानं माझ्या बहिणीला तोंडघशी पाडलं. पुन्हा पाडणार नाही कशावरून? तेव्हा का उठला होता, विचारा त्याला!"

सगळी डोकी मागे वळली. घड्याळवाला शेवटच्या बाकावरून उठला. त्यानं एकदा ताईकडे पाहिलं.

"मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "बाईंचा राग बरोबर आहे." आणि तो खाली बसला.

"मग मी सांगते." ताई उठली होती.

"नको," तो मागून घाईनं म्हणाला. "आपलं ठरलंय."

"चौतीस वर्षं पाळलंत. पुरे झालं आता." ताई पाळकसाहेबांकडे वळली. "साहेब, आई नुकतीच गेली होती. माझं लग्न झालं की हिला बोर्डिंगात ठेवायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. ही तेव्हा माझा हात धरल्याशिवाय झोपत नव्हती. मी लग्नाला नाही म्हटलं असतं, तर बाबांनी ऐकलं नसतं. पण मुलानंच मोडलं, तर त्यांचं काही चालणार नव्हतं. म्हणून मी ह्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, तिसऱ्या रविवारी तुम्ही उठा. आणि कारण कुणाला सांगू नका. हिच्या कानावर गेलं तर ही जन्मभर मनाला लावून घेईल."

धाकटी उभीच होती.

"बाई," पाळकसाहेब अगदी हळू म्हणाले, "तुमची हरकत... लिहून घेऊ का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. डोळे पुसले, ताईच्या पायांना अडखळत बाकाबाहेर आली आणि मधल्या वाटेनं सरळ मागे चालत गेली. घड्याळवाल्याच्या बाकावर त्याच्याखेरीज कुणीच नव्हतं. वर्षभरात त्याच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं. तिला अंगावर येताना पाहून तो गडबडीनं उठायला लागला.

"आता उठू नका," ती म्हणाली. "सरका जरा, दाजी."