शून्याचं रिटर्न

“ओटीपी चुकला व्हय? मग अजून एकदा मागवा की, भाऊ,” राजेश्वरी म्हणाली आणि मोबाईल तसाच कानाला धरून बसली.

मच्छिंद्रभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. खर्ड्याच्या पेठेत बावीस वर्षं ते दुकानदारांचे टॅक्सचे कागद भरत होते, पण शून्याच्या रिटर्ननं त्यांचा असा घाम कधी काढला नव्हता. विक्री शून्य, खरेदी शून्य, कर शून्य. अहो, चहा निवायच्या आत होणारं काम! दुकान बंद असलं तरी ते भरावं लागतं, कारण सरकारला ‘काही नाही’ हेसुद्धा लिहूनच द्यावं लागतं.

दुकान राजेश्वरीच्या नवऱ्याचं, अजिनाथचं. ठिबकच्या नळ्या आणि मोटारीचं सामान. चार महिन्यांपूर्वी अजिनाथ शटर ओढून गेला तो गेलाच. कुठं, ते बायकोलाही सांगितलं नाही. मोबाईल कायम बंद. फक्त वीस तारखेला सकाळी अकरा वाजता तो चालू व्हायचा, कारण रिटर्न भरताना येणारा सहा आकड्यांचा ओटीपी त्याच्याच नंबरवर जायचा. तो बायकोला फोन करून आकडे सांगायचा, ती मच्छिंद्रभाऊंना सांगायची, की फोन पुन्हा बंद. घरदार सोडलं बाबानं, पण दुकानाचा जीएसटी नंबर सोडवेना! तो रद्द झाला तर पुन्हा शटर उघडायचं कसं, हीच त्याला धास्ती.

“तुझाच मोबाईल लावून टाकू का गं? दर महिन्याची कटकट तरी मिटेल,” भाऊ मागच्या खेपेला म्हणाले होते.

“नगं. त्यांचाच राहू द्या,” ती म्हणाली होती. “तेवढंच चालू हाय आमच्यात.”

आज ती एकटी आली नव्हती. कानिफनाथ नावाचा चौकड्याच्या शर्टातला माणूस बरोबर होता. “आमचे दादा हायेत,” एवढंच तिनं सांगितलं. तो आत आलाच नाही. बाहेर बाकड्यावर बसून त्याचंही फोनवर हळू आवाजात काहीतरी चाललं होतं.

“आणि तुझी लेक आरती कुठंय? दरवेळी पेढा मागायला येते ना माझ्याकडं,” भाऊंनी ओटीपी पुन्हा मागवता मागवता विचारलं.

“तिच्या आत्यानं नेलीय. दोन आठवडे झाले.”

तेवढ्यात पलीकडून अजिनाथनं आकडे सांगितले. राजेश्वरीनं ते बॉलपेननं तळहातावर लिहिले आणि मग भाऊंना वाचून दाखवले. भाऊंनी टाकले. पुन्हा चूक!

भाऊ वैतागून तिच्याकडं बघायला लागले आणि त्यांची नजर तिच्या तळहातावर गेली. तिथं चार, सात, एक असं सुरू होत होतं. तिनं वाचलं होतं चार, एक, सात.

बारावी शिकलेली बाई ही. मागच्या तीन महिन्यांत एकदाही चुकली नव्हती. अन् आज सलग दोनदा?

मग भाऊंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! पोरीला चुकायचंच होतं. आकडे मिळाले की तो फोन ठेवणार आणि मग महिनाभर त्याचा आवाज नाही. भाऊंना एकदम गलबलून आलं. त्या अजिनाथला समोर उभा करून दोन मुस्काटात द्याव्यात असंही वाटलं.

पलीकडं अजिनाथ चिडला असावा. राजेश्वरी घाईघाईनं म्हणाली, “आवो, ठिवू नका. भाऊच बोलत्यात तुमच्याशी.” तिनं फोन पुढं केला. तिची नजर हलत नव्हती.

मच्छिंद्रभाऊंनी आयुष्यात गिऱ्हाइकाला थाप मारली नव्हती. ती आज मारली.

“अजिनाथ, साइट अडकलीय बाबा. फोन चालूच ठेव. आज शेवटची तारीख. आज हुकलं तर तुझा नंबर कायमचा गेला म्हणून समज.”

“भाऊ, लवकर उरका की! हितं लई गडबड हाय.” मागून बायकांच्या गाण्याचा आणि हसण्याचा कालवा ऐकू येत होता.

“कसला गोंधळ रे?”

“पावण्यांत लगीन हाय. तेच.”

भाऊंनी त्याला बोलण्यात गुंतवलं. पाऊसपाणी विचारलं, मोटारींचे भाव विचारले, जुन्या बिलांच्या फायली कुठं आहेत ते विचारलं. पाच मिनिटं झाली, आठ झाली. राजेश्वरी त्यांच्याकडं नाही, दाराकडं बघत होती. बिचारी डोळ्यांतलं पाणी लपवत असेल, असं भाऊंना वाटलं.

बाहेर कानिफनाथ उठला आणि त्यानं हात वर केला.

“आता मागवा, भाऊ,” राजेश्वरी म्हणाली आणि तिनं फोन परत घेतला. नवे आकडे आले तसे तिनं एका दमात बरोबर वाचले. रिटर्न दाखल झालं. पलीकडून फोन कट झाला.

“मन घट्ट कर, पोरी. येईल तो,” भाऊ म्हणाले.

“आजच आणते, भाऊ,” राजेश्वरी म्हणाली. पदर खोचून ती उठली आणि पावती न घेताच बाहेर पडली.

पावती हातात घेऊन भाऊ तिच्यामागं दारापर्यंत गेले. कानिफनाथ फोनवर खणखणीत आवाजात सांगत होता, “हां, त्याच्या मोबाईलचा टॉवर सापडला. तिथल्या पोलीस ठाण्याला आत्ताच्या आत्ता गाडी काढायला सांगा.”

“आपण बी निघू या, साहेब,” राजेश्वरी म्हणाली. “हळद लागलीसुदिक, गाणी ऐकली मी फोनवर. अक्षता पडायच्या आत पोचलं पायजे. चौदाची हाय वो माझी आरती.”