पाचशे तक्रारी

माधुरीताईंनी बाल्कनीचं दार लावलं, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, तरी तो वास आत शिरलाच. खाली वेसाव्याच्या किनाऱ्यावर अंजनाबाईने बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. रांगच्या रांग, तोंडं वासून लटकलेली, वर माश्यांचं मोहोळ.

"शी! नाक धरून जगायचं का आता?"

"चौदाव्या मजल्यावर राहून खाली नाक खुपसतेस कशाला?" त्यांचे यजमान नंदकुमारराव पेपराआडून म्हणाले.

अंजनाबाईचं अख्खं घर त्या वलांडीवर चालायचं, हे ताईंना ठाऊक होतं. पण चुली काय, कुठेही पेटतात, असं त्यांचं म्हणणं.

वॉर्ड ऑफिसला तीन अर्ज देऊन झाले, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग लिफ्टमध्ये बातमी लागली: एकाच जागेबद्दल पाचशे तक्रारी गेल्या की साहेबांना यावंच लागतं. फॉर्म ऑनलाइन, पण एकेक भरायचा म्हणजे बोटं झिजायची. आपोआप भरणारा प्रोग्रॅम हवा. ताईंनी सत्तावन्नाव्या वर्षी कोडिंग शिकायला घेतलं.

नशीब बघा, नवशिक्यांच्या एका ग्रुपवर हरेश्वर नावाचा भला माणूस भेटला. शंका विचारली की पोराला घास भरवावा तसं समजावून लिहायचा. "ताई, पाचशे पोळ्या लाटायच्या तर कृती पाचशेदा सांगता का? एकदाच सांगा आणि म्हणा, पीठ संपेपर्यंत. झाला लूप! पण रोज तासभर हात चालला पाहिजे हं."

ताईंनी एक दिवस चुकवला नाही. चार महिन्यांत प्रोग्रॅम तयार. सोसायटीच्या यादीतली पाचशे नावं फ्लॅट नंबरासकट एकामागून एक घ्यायची आणि प्रत्येकाच्या नावाने वलांडीविरुद्ध तक्रार ठोकायची. तपासायला तो हरेश्वरकडे पाठवला.

"ताई, खरंच एवढा त्रास होतो?" त्याने विचारलं.

"अहो, किळस येते! ती अंजनाबाई स्वतः तरी आंघोळ करते की नाही, देव जाणे."

 तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "एक ओळ चुकली होती, बदललीय. आता बिनघोर चालवा."

ताईंनी बटण दाबलं. चहा निवायच्या आत पाचशे तक्रारी रवाना.

आठव्या दिवशी बेल वाजली. दारात मास्क लावलेले दोन साहेब.

"आलात एकदाचे! चला, खाली दाखवते."

"खाली कशाला?" एकाने कागद पुढे केला. "फ्लॅट चौदाशे दोनमधून घाण वास येतो, असं तुमच्याच सोसायटीतल्या पाचशे जणांनी लिहून दिलंय. बाजूला व्हा बाई, स्वयंपाकघर बघू द्या."

ताईंनी तिथूनच हरेश्वरला लिहिलं, "हा काय चावटपणा? आहेस कोण तू?"

उत्तर या वेळी घरच्या बोलीत आलं.

"ताय, अंजनाबाय माजी आय हाय."