फितुराचा पोशाख

राखाडी झगा आणि मुखवटा घालून डॉक्टर व्यासपीठाजवळच्या दारातून आत शिरले, आणि समोरच्या अख्ख्या रांगेने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

एकदोघांनी नाही, झाडून सगळ्यांनी. चंदेरी सूटवाले, हिरव्या तोंडाचे, शेपट्या लावलेले, खांद्यावर पोर घेतलेला एक बाप, सगळे गर्रकन वळले. रांगेत तिसरी, वैमानिकाच्या निळ्या गणवेशात, डॉक्टरांची मुलगी होती. तिनेही पाठ फिरवली.

डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायचं काम. घर सोडून गेलेली मुलगी दोन वर्षं त्यांचा फोन उचलत नव्हती. "तुम्ही दिसलात की ती दुसऱ्या दाराने निघून जाईल," बायकोने बजावलं होतं. "पण त्या अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा ती चुकवायची नाही. मालिकेतला तिचा लाडका कप्तान येणार आहे." म्हणून तोंड झाकणारा पोशाख हवा होता, आणि भाड्याच्या दुकानात असा हा एकच उरला होता. का उरला, हे विचारायचं डॉक्टरांना सुचलं नाही. ती मालिका त्यांनी कधी पाच मिनिटंसुद्धा पाहिली नव्हती. घरात लागली की ते टीव्हीच बंद करायचे.

"फितूर दूत होऊन आलात? धाडस आहे बुवा," दाराशी तिकिटं बघणारी बाई हळूच म्हणाली. "अहो, यानेच नाही का सगळा ताफा शत्रूला विकला? हा दिसला की पाठ फिरवायची, अशी रीतच आहे आमची. आता कप्तान तुम्हाला विचारतील, काही म्हणायचंय का. तुम्ही गप्प राहायचं. मग आमची माणसं तुम्हाला बाहेर नेऊन सोडतील."

"बाहेर म्हणजे?"

"हॉलच्या बाहेर. गंमत हो. पण आज परत आत येता येत नाही हं."

मुखवट्याच्या आत चष्म्यावर वाफ धरली होती. तरी दोन पावलं पुढे गेल्यावर मुलीच्या पाठीवरची शिवण दिसली. हाताने घातलेले टाके, बारीक आणि सारखे. असाच एक गणवेश तिने घरी शिवला होता. 'ही थेरं माझ्या घरात नकोत' म्हणून डॉक्टरांनी तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता, तिच्यादेखत.

सह्यांच्या टेबलाला धरून कप्तानाचं काम करणारा म्हातारा नट उभा राहिला. मालिकेतला कोट त्याला आता खांद्यांवर सैल होत होता, आवाज मात्र जसाच्या तसा होता.

"दूता, तुला काही म्हणायचंय?"

बोललो तर ती आवाज ओळखणार आणि निघून जाणार. गप्प राहिलो तर ही मंडळी आपल्याला हाकलणार. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात जन्म गेला आणि आज स्वतःचं उघडेना.

"मी तो गणवेश टाकायला नको होता," ते म्हणाले.

मुखवट्यातून आवाज घोगरा आला. रांगेत कुणीतरी खुसखुसलं. "याने इथे बोलायचंच नसतं," कुणीतरी पुटपुटलं.

निळे खांदे मात्र एकदम कानांपर्यंत वर गेले. लहानपणी तपासणीच्या खुर्चीत बसवलं की ती अश्शीच खांदे आवळून घ्यायची. ओळखलं होतं तिने. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"रात्री जागून शिवला होतास तू. मला दिसत होतं. तरी मी टाकला."

आता कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या नटाने राखाडी झग्याकडे पाहिलं, मग त्या निळ्या पाठीकडे. जन्मभर रंगमंचावर वावरलेला माणूस, काय चाललंय ते त्याला कळायला वेळ लागला नाही.

"याच्या बाजूने कोणी आहे?" त्याने विचारलं.

या प्रश्नाला आजवर कुठल्याच मेळाव्यात उत्तर आलं नव्हतं. आताही आलं नाही. काळ्या चिलखतातल्या दोघांनी डॉक्टरांचे दंड धरले. दार उघडलं आणि बाहेरचा उजेड फरशीवर पडला. डॉक्टर दाराकडे वळले.

"थांबा," नट म्हणाला. मालिकेत तो एकदाच विचारतो, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. "मी परत विचारतो. याच्या बाजूने कोणी आहे?"

फरशीवर बूट घासल्याचा आवाज आला.

ती वळली नाही. रांगेतून बाजूला झाली आणि पाठमोरीच एक पाऊल मागे आली. थांबली. मग आणखी एक पाऊल, आणखी एक. चिलखतवाल्यांनी दंड सोडले. तिची पाठ डॉक्टरांच्या झग्याला टेकली तेव्हा ती थांबली. तोंड अजून पलीकडेच होतं.

"मुखवट्यातून नीट ऐकू आलं नाही, बाबा," ती म्हणाली. "काढून म्हणा."

डॉक्टरांनी मानेमागे हात नेले. सकाळी बायकोने लावून दिलेलं बक्कल त्यांना काही सापडेना. बोटं पट्ट्यावरून नुसतीच घसरत होती. रोज सुई धरणारी बोटं.

"वाका," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्या खांद्यावर वाकले. न वळता, न बघता तिने हात मागे नेला आणि बक्कल चाचपू लागली.