विषय सोडायचा अर्ज

सरांनी अर्ज न वाचताच सही ठोकली, तिथेच शलाकाच्या मनात पाल चुकचुकली.

एम.ए.च्या वर्गात एका दिवसाच्या उशिरालाही शून्य देणारा हा माणूस. आईच्या ऑपरेशनपायी तिच्या दोन चाचण्या बुडाल्या, म्हणून विषय सोडायचा अर्ज घेऊन ती आली होती, तासभर बोलणी खायच्या तयारीने. आणि सर चक्क चहा मागवत होते!

"नापासाचा शेरा नाही, काही नाही. तू या विषयाला होतीस याची कुठे नोंदसुद्धा राहणार नाही," सर गोड आवाजात म्हणाले. "आईकडे बघ. फक्त ती वही तेवढी ठेवून जा."

वही! मिठागरातल्या बायकांच्या तोंडचे सहाशे शब्द तिने चार महिने उन्हात बसून त्यात उतरवले होते. सर तिकडे एकदाही फिरकले नव्हते. तरी टेबलावर त्यांच्या येणाऱ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं: 'मिठागरांची बोली'.

चहा आला. शलाकाने वही पिशवीत टाकली आणि सहीचा अर्ज उभा फाडला.

"नको सर. माझं नाव यादीत राहू दे. खुशाल नापास करा."